हॅन्लेतून १२० पिकोसेकंद : दोष ग्राफीनचा की काँटॅक्टचा?

खडूफळा, मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. विषय आडवाटेचा आहे. पण मागे इथेच कुणीतरी व्हॅक्यूम पंपाच्या घरघरीवर विचारलं होतं आणि तिघाचौघांनी कामाची उत्तरं दिली होती, म्हणून धीर केला.

पीएचडीचं तिसरं वर्ष. काम असं की ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या अणूइतक्या पातळ पत्र्याच्या, एका थरातून इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचं अंगचं इवलंसं चुंबकत्व) किती लांब जातो आणि किती वेळ टिकतो ते मोजायचं. आमच्या विभागात हे करणारा मी एकटाच, बाकी सगळे सौरघट आणि सुपरकपॅसिटरवाले. त्यांना काही विचारायला गेलं की "चुंबक आहे ना त्यात? मग आम्हाला काय कळणार" म्हणून मोकळे होतात.

नमुना असा आहे. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडच्या सिलिकॉनवर चिकटपट्टीने सोललेलं एकपदरी ग्राफीन, दीड मायक्रॉन रुंद. त्याच्यावर आडव्या कोबाल्टच्या पट्ट्या (हेच माझे काँटॅक्ट), काही रुंद, काही अरुंद, म्हणजे चुंबकक्षेत्र फिरवलं की सगळ्या एकदम उलटत नाहीत. कोबाल्ट आणि ग्राफीनच्या मध्ये टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ पडदा. एका जोडीतून (इंजेक्टर) करंट सोडायचा, बाजूच्या दुसऱ्या जोडीवर (डिटेक्टर) व्होल्टेज मोजायचं, म्हणजे करंटच्या वाटेबाहेर मोजायची नेहमीची नॉन-लोकल मांडणी.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी : शेताच्या पाटाला मधेच तोंड फोडून पाणी डावीकडे वळवलंय आणि उजवीकडचा पाट नुसता तुंबलेला आहे अशी कल्पना करा. तोंडाशी कुंकू टाकलं तर वाहत्या पाण्याबरोबर ते डावीकडे जाईलच, पण उजवीकडच्या थांबलेल्या पाण्यातही हळूहळू पसरेल. करंट डावीकडे जातो, स्पिन दोन्हीकडे पसरतो. मी उजवीकडे उभा राहून कुंकू किती पोचलं ते बघतो. करंटच तिथे नसल्यामुळे बाकीची भेसळ बरीच टळते.

आता आकडे, सगळे खोलीच्या तापमानाचे. इंजेक्टर-डिटेक्टर अंतर ३ मायक्रॉन. पट्ट्यांच्या चुंबकत्वाच्या दिशा समांतरच्या विरुद्ध झाल्या की नॉन-लोकल रोधात (ते व्होल्टेज भागिले करंट) ०.८ ओहमची स्वच्छ उडी दिसते. (पहिल्यांदा दिसली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि सांगायला फक्त वॉचमन काका होते. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं.) ग्राफीनचा चौरस रोध (एका चौरस तुकड्याचा) १.२ किलोओहम. डिरॅक बिंदू (जिथे ग्राफीनमधले वाहक सगळ्यात कमी) गेटच्या, म्हणजे खालच्या सिलिकॉनला दिलेल्या, ४२ व्होल्टला; म्हणून शून्य गेटवर होलचा (धन वाहकांचा) सुकाळ. मग क्षेत्र नमुन्याला लंब करून हॅन्ले वक्र घेतला (अशा क्षेत्रात स्पिन वाटेत गोल वळत जातात, त्याने सिग्नल कसा घटतो त्याचा आलेख). फिट केल्यावर स्पिनचं आयुष्य आलं १२० पिकोसेकंद आणि डिफ्यूजन स्थिरांक (स्पिन किती झपाट्याने पसरतो तो आकडा) ०.०३ चौरस मीटर प्रतिसेकंद. त्यावरून स्पिनची लांबी, म्हणजे विरायच्या आत तो जातो ते अंतर, १.९ मायक्रॉन.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने २००७ साली पहिल्यांदा एकपदरी ग्राफीनमध्ये हे मोजलं तेव्हा त्यांना दीड ते दोन मायक्रॉन मिळाले होते. म्हणजे मी जुळवून जुळवून बरोबर २००७ सालात येऊन पोचलोय. दरम्यान २०१६ साली जर्मनीतल्या आखेनच्या लोकांनी आयुष्य १२ नॅनोसेकंदांच्या वर मोजलंय, माझ्या शंभरपट.

सर म्हणतात, दोष सिलिकॉनवरच्या ऑक्साइडचा आहे, ग्राफीनखाली बोरॉन नायट्राइड (अणूंच्या सपाट थरांचा विद्युतरोधक स्फटिक) घाल. चांगले स्फटिक मागवायचे, ते यायला वेळ, शिवाय थर उचलून ठेवायचं यंत्र आमच्याकडे नाही, ते बांधायला हवं. माझं एक वर्ष त्यात जाईल. त्याआधी मला कळायला हवंय की माझा स्पिन नक्की खातंय कोण. कसं ओळखायचं?


चहाटळ, बुधवार, सकाळी ८.१५

भाऊ, सगळं वाचलं, कुंकवापर्यंत कळलं. वॉचमन काकांना +१.

एक भाबडा प्रश्न. याचा उपयोग काय? खवचटपणे विचारत नाही, खरंच माहीत नाही.


खडूफळा, बुधवार, सकाळी ९.०५

आई दर फोनला हेच विचारते, त्यामुळे उत्तर तयार आहे.

हार्ड डिस्कचं डोकं स्पिनवरच चालतं. १९८८ साली फेर आणि ग्रुनबर्ग या दोघांच्या गटांना लोखंड-क्रोमियमच्या पातळ थरांत चुंबकाने रोध खूप बदलतो हे दिसलं, काही वर्षांत ते डिस्कमध्ये आलं, २००७ला नोबेल. पण तिथे स्पिनला काही नॅनोमीटर जायचं असतं. आम्हाला त्याला मायक्रॉनमध्ये पळवायचंय, म्हणजे चिपच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निरोप स्पिननेच न्यायचा. ग्राफीन त्याला बरं का, तर कार्बन हलका, त्यामुळे त्याच्यात इलेक्ट्रॉनच्या धावण्याचा त्याच्या स्पिनवर फारसा परिणाम होत नाही. शिवाय कार्बनचे जवळपास ९९ टक्के अणू कार्बन-१२, त्यांच्या केंद्रकाला स्पिनच नाही, म्हणजे तिकडूनही ढवळाढवळ नाही. कागदावर याच्याएवढा निवांत रस्ता दुसरा नाही.

बाजारात मिळणारी वस्तू? अजून एकही नाही. आईला हे सांगत नाही.


सोल्डरमास्तर, बुधवार, दुपारी २.३०

मी फिजिक्सवाला नाही. तीसेक वर्षं एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स सांभाळलं, आता घरी रेडिओ दुरुस्त करतो. तरी विचारतो.

लॉक-इनची (एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वेचून मोजणाऱ्या यंत्राची) फ्रिक्वेन्सी काय ठेवलीस? पन्नासच्या पटीत नको, त्याच्या आसपासही नको. आमच्याकडे १३ नाहीतर १७.७ हर्ट्झ ठेवायचे. क्वाड्रेचरमध्ये (सिग्नलच्या ९० अंश सरकलेल्या भागात) काही दिसतंय का ते लिहिलं नाहीस. करंट निम्मा केल्यावर व्होल्टेज निम्मा होतो का? होत नसेल तर तू दुसरंच काहीतरी मोजतोयस, बहुतेक उष्णता.

अर्थिंग एकाच ठिकाणी असू दे. लॉक-इनचा अर्थ वेगळा, गेटच्या सप्लायचा वेगळा आणि काँप्युटरचा तिसराच, असं असेल तर आधी ते निस्तर. एकदा आमच्या एका पोराने महिनाभर जो सिग्नल शोधून काढला तो शेजारच्या खोलीतल्या एसीचा कॉम्प्रेसर निघाला. पोरगं रडायच्या बेतात होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काँटॅक्टचा रोध कुठे लिहिलाय? तारेचं टोक कसं जोडलंय हे न सांगता तारेबद्दल तक्रार करायची नाही.


खडूफळा, बुधवार, रात्री १०.२०

मास्तर, १७.७ हर्ट्झच आहे. क्वाड्रेचर जवळपास शून्य. ५ मायक्रोॲम्पिअर आणि १० मायक्रोॲम्पिअरला रोध तोच येतो. अर्थ तीन ठिकाणी होता, तुमचं वाचून आज एक केला. खरखर निम्म्याने कमी झाली! उडी होती तेवढीच आहे.

काँटॅक्टचा रोध तीन टोकांनी मोजला. सहा काँटॅक्ट आहेत, ४५० ते ७०० ओहम. बायस (काँटॅक्टवरचं व्होल्टेज) बदलत नेला तरी डिफरन्शियल रोध (त्या त्या बायसला किंचित बदल करून मोजलेला) सपाट, अजिबात हलत नाही.


कृष्णाकाठ, गुरुवार, रात्री १.१०

मास्तरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. तुझं उत्तर त्या शेवटच्या दोन ओळींत आहे रे.

आधी माझी ओळख. मूळची वाईची, पीएचडी उत्तर युरोपातल्या एका लॅबमध्ये ग्राफीनच्या स्पिनवरच केली, आता दुसऱ्याच कामात आहे. त्यामुळे इथे जरा मोकळेपणाने लिहिते.

धान्य मोजायच्या अधोलीलाच बुडाला भोक असेल आणि दर वेळी माप कमी भरत असेल, तर तू शेतकऱ्याला बोल लावशील का? तुझी अधोली गळते आहे. १२० पिकोसेकंद हे ग्राफीनमधल्या स्पिनचं आयुष्य नाहीच. ग्राफीनमध्ये सोडलेला स्पिन तुझ्या कोबाल्टमध्ये परत शिरून मरायला जेवढा वेळ घेतो तो त्यात मिसळलाय.

हिशोब कर. इंजेक्टरखाली उभ्या असलेल्या स्पिनसमोर दोन वाटा आहेत. एक ग्राफीनमधून पुढे जायची. त्या वाटेचा स्पिनरोध म्हणजे चौरस रोध गुणिले स्पिनची लांबी भागिले रुंदी. तुझ्याच आकड्यांनी १२०० गुणिले १.९ भागिले १.५, म्हणजे साधारण दीड किलोओहम. दुसरी वाट आल्या पावली परत, पडद्यातून कोबाल्टमध्ये. तिचा रोध तुझा काँटॅक्ट, ४५० ते ७०० ओहम. आता पाणी कुठे जाईल? कोबाल्टमध्ये गेलेला स्पिन काही दहा नॅनोमीटरांत विरतो. त्या परतीच्या वाटेचा रोध दीड किलोओहमच्या बराच वर, पाचपट-दहापट तरी, असल्याशिवाय तू ग्राफीनबद्दल एक अक्षर बोलू नये.

नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तुझ्याच आकड्यांत दुसरा पुरावा पडलाय. डिरॅक बिंदू ४२ व्होल्टला, ऑक्साइड ३०० नॅनोमीटर, म्हणजे शून्य गेटला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ गुणिले १०चा १२वा घात इतके होल. त्या घनतेला ग्राफीनची अवस्थांची घनता (वाहकांना किती जागा उपलब्ध आहेत) घे, १.२ किलोओहमवरून आइन्स्टाइनचं सूत्र लाव, ते रोधावरून डिफ्यूजन देतं. विद्युतभाराचा डिफ्यूजन स्थिरांक येतो ०.०१७ ते ०.०१८. हॅन्लेतून तुला आलाय ०.०३. इलेक्ट्रॉन तोच, त्याची चाल भार म्हणून एक आणि स्पिन म्हणून जवळपास दुप्पट, असं इथे व्हायचं कारण नाही. मग होतंय काय? जे स्पिन काँटॅक्टपाशी रेंगाळतात ते गिळले जातात, डिटेक्टरपर्यंत पोचतात ते घाईने निघालेले. फिटला वाटतं, सगळेच घाईत आहेत आणि अल्पायुषी आहेत. आयुष्य कमी आणि डिफ्यूजन जास्त, हे दोन्ही एकदम आलं की समजायचं, काँटॅक्ट बोलतोय. ग्रोनिंगेनच्याच लोकांनी २०१२ साली यावर सविस्तर लिहिलंय, ते आधी वाच. माझं तेव्हा वाचलेलं नव्हतं, त्याची शिक्षा खाली सांगते.

तिसरा पुरावा. ०.८ ओहमच्या उडीवरून काँटॅक्टचं ध्रुवीकरण (करंटमध्ये एका दिशेचे स्पिन किती जास्त) काढ, ५ टक्के येईल. पडद्यातून इलेक्ट्रॉन खरोखर टनेल होऊन (भोकातून न जाता अखंड पडदा क्वांटम रीतीने पार करून) येत असते तर याच्या कितीतरी पट मिळायला हवं. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या कावाकामींच्या गटाने २०१० साली टायटॅनियमचं अस्तर देऊन वर मॅग्नेशियम ऑक्साइडचा पडदा बसवला, तेव्हा त्यांना खोलीच्या तापमानाला १३० ओहमचा सिग्नल मिळाला, ध्रुवीकरण २६ ते ३० टक्के. त्यांनी एकाच कामात तीन प्रकारचे काँटॅक्ट करून पाहिले. उघडा धातू टेकवला तर आयुष्य सगळ्यात कमी, भोकं असलेल्या पडद्याला त्याहून थोडं बरं, आणि खऱ्या टनेल पडद्याला ५०० पिकोसेकंदांच्या आसपास. ग्राफीन तेच. तुझा आकडा त्यातल्या मधल्या रांगेत जाऊन बसतो.

आणि सपाट डिफरन्शियल रोध म्हणजे पडद्याला भोकं आहेत याची जवळपास कबुलीच. टनेलिंग असतं तर शून्य बायसला टेकाड दिसलं असतं, बायस वाढवल्यावर उतरत गेलं असतं.

भोकं का पडतात ते एकदा डोळ्यांनी बघ म्हणजे विसरणार नाहीस. ग्राफीनवर धातूचा अणू टेकला की त्याला पकड मिळत नाही. अळवाच्या पानावर पाणी टाक. पसरतं का? गोळा होऊन थेंब इकडेतिकडे धावतात. धातूचं अगदी तस्संच होतं. सरासरी जाडी पाऊण नॅनोमीटर म्हणून यंत्र सांगतं, प्रत्यक्षात इथे दीड नॅनोमीटरचा डोंगर आणि शेजारी उघडं ग्राफीन. कोबाल्ट त्या उघड्या जागेत उतरतो. एक नमुना नुसता पडद्यापर्यंत करून थांब, वर कोबाल्ट टाकूच नकोस, आणि एएफएमखाली (सुईच्या टोकाने पृष्ठभागाचे चढउतार चाचपणारा मायक्रोस्कोप) घाल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बारीक गाठींचं रान दिसलं होतं.

आता शिक्षा. मी माझ्या दुसऱ्या वर्षी असाच एक नमुना घेऊन हिवाळाभर तापमान बदलत बसले होते. चार महिने. स्पिन इलियट-याफेट पद्धतीने मरतो की डियाकोनोव-पेरेल पद्धतीने, म्हणजे दर धडकेला थोडा थोडा बिघडतो की दोन धडकांच्या मधल्या वाटेत, यावर माझा वीस पानी मजकूर तयार होता. आलेख देखणे होते. गटाच्या बैठकीत एक शांत स्वभावाचा तंत्रज्ञ होता, त्याने एवढंच विचारलं, "काँटॅक्ट किती ओहमचे?" मी म्हटलं, तीनशे. कुणीच काही बोललं नाही. बैठक संपल्यावर कॉफी मात्र त्यानेच पाजली. ती वीस पानं प्रबंधात नाहीत.

तेव्हा वर्षभर यंत्र बांधण्याआधी दोन गोष्टी कर, दोन्ही आठवड्याभराच्या आहेत. त्याच चिपवर लांब अंतराची जोडी असेल तर तिच्यावर हॅन्ले घे. ग्राफीनचंच आयुष्य १२० असेल तर अंतर बदलून ते बदलणार नाही. काँटॅक्ट खात असतील तर अंतर वाढलं की आकडा वर चढेल, कारण स्पिनचा जास्त वेळ काँटॅक्टपासून दूर जातो. आणि दुसरं, पडदा एका दमात टाकू नकोस. ०.४ नॅनोमीटर टायटॅनियम, ऑक्सिजन सोडून नीट ऑक्सिडाइज होऊ दे, मग पुन्हा ०.४, पुन्हा ऑक्सिजन. घाई केलीस की मधे धातूच राहतो.

एक वाजून गेला. झोपते.


चहाटळ, गुरुवार, सकाळी ८.४०

अळवाच्या पानाला +१. आमच्याकडे आज वडीच आहे. विषय कळतोय असं वाटायला लागलंय, ही धोक्याची खूण समजावी काय?


खडूफळा, गुरुवार, रात्री ९.३०

ताई, काय लिहू. आइन्स्टाइनचा हिशोब मी केलाच नव्हता. आज दुपारी केला, ०.०१७५ आला. मग थोडा वेळ गच्चीत जाऊन बसलो.

६ मायक्रॉन अंतराची एक जोडी आहे चिपवर. जुन्या आकड्यांनी तिथे उडी ०.१६ ओहम यायला हवी, ५ मायक्रोॲम्पिअरला ०.८ मायक्रोव्होल्ट. मास्तरांच्या अर्थिंगमुळे आता ते दिसेल. घेतो.

दोन शंका. बोरॉन नायट्राइडचा नाद मग सोडूनच द्यायचा का? आणि सरांच्या मनात आणखी एक आहे, ग्राफीनवर टंगस्टन डायसल्फाइडचा थर ठेवायचा. ते केलं तर स्पिन जास्त टिकेल का?


कृष्णाकाठ, शुक्रवार, पहाटे १२.४५

नाद सोडायचा नाही. पण कशासाठी करतोयस ते ठरवून कर.

नुसतं खाली बोरॉन नायट्राइड घालून काय होतं ते २०१२ साली कळलं. ग्रोनिंगेनच्याच एका कामात इलेक्ट्रॉनची मोबिलिटी (व्होल्टेज लावल्यावर तो किती सहज धावतो) ४०,००० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंदपर्यंत गेली, स्पिन २० मायक्रॉनपर्यंत पोचला, लांबी साडेचार मायक्रॉन झाली. पण आयुष्य मात्र काहीशे पिकोसेकंदांतच घुटमळत राहिलं. रस्ता गुळगुळीत झाला, गाडी वेगाने गेली, म्हणून लांब पोचली. गाडीचं आयुष्य वाढलं नाही. ऑक्साइडच खलनायक असता तर ते वाढायला हवं होतं. तुझ्या सरांचा अंदाज चुकीचा नव्हे, पण तो तेव्हा सगळ्यांचाच होता.

मग फरक कशाने पडला? २०१४ साली दोन बाजूंनी उत्तर आलं. ग्रोनिंगेनने ग्राफीन वरखाली दोन्हीकडून बोरॉन नायट्राइडमध्ये गुंडाळलं, आयुष्य २ नॅनोसेकंद, लांबी १२ मायक्रॉन. आखेनवाल्यांनी क्रमच उलटा केला, आणि ही युक्ती मला फार आवडते. आधी सिलिकॉनवर कोबाल्टच्या पट्ट्या आणि पडदा तयार करायचा, शांतपणे, ग्राफीनचा पत्ताच नाही. मग बोरॉन नायट्राइडला चिकटवलेलं ग्राफीन वरून अलगद टेकवायचं. पडदा ग्राफीनवर उगवतच नाही, त्यामुळे अळवाच्या पानाचा प्रश्नच निघाला. पट्ट्या आखायचा रेझिस्टचा लेप, ॲसिटोन, लिफ्ट-ऑफची धुलाई, यातलं काही ग्राफीनला लागत नाही. तुझे ते ४२ व्होल्ट आले कुठून असं वाटतं तुला? त्यात या धुलाईचा वाटा मोठा असणार. त्याच वाटेने पुढे जाऊन त्यांचे २०१६चे १२ नॅनोसेकंद आणि ३० मायक्रॉन आले. एक रेडियन वळायला तुझ्या १२० पिकोसेकंदांच्या स्पिनला सुमारे ४७ मिलीटेस्ला लागतात, त्यांच्या स्पिनला अर्ध्या मिलीटेस्लाच्या आत. त्यांचा हॅन्ले वक्र इतका अरुंद आहे की चुंबकाला तेवढ्या बारीक पायऱ्या देता येतात का हे आधी बघावं लागतं.

बोरॉन नायट्राइडचा अजून एक उपयोग आहे, तो म्हणजे तोच पडदा म्हणून वापरायचा. अणूंचा सपाट थर, डोंगर नाही, भोक नाही. दोन थर सगळ्यात बरे. २०१७ साली त्यातून बायस वाढवत नेल्यावर डिफरन्शियल ध्रुवीकरण १०० टक्क्यांपर्यंत गेल्याचं दाखवलंय. फक्त एकपदरी बोरॉन नायट्राइड मायक्रोस्कोपखाली दिसणं म्हणजे पांढऱ्या भिंतीवर चुन्याचा ठिपका शोधणं आहे, कॉन्ट्रास्ट जेमतेम दीड टक्का. माझ्या डोळ्यांचा नंबर त्या वर्षी वाढला.

टंगस्टन डायसल्फाइडबद्दल : स्पिन टिकवायचा असेल तर नको. अगदी उलट होतं. टंगस्टन जड, त्याची स्पिन-ऑर्बिट ओढ (धावण्याचा स्पिनवर होणारा परिणाम) शेजारच्या ग्राफीनला लागते, नुसत्या सहवासाने. ग्राफीनच्या प्रतलात पडलेला स्पिन त्यात भराभर मरतो, उभा स्पिन मात्र जास्त टिकतो. २०१७-१८मध्ये ग्रोनिंगेन आणि बार्सिलोना दोन्हीकडे हे मोजलं गेलं. उभ्याचं आयुष्य आडव्याच्या दहापटीच्या घरात आलं, बार्सिलोनाचं तर टंगस्टन डायसल्फाइडवर आणि खोलीच्या तापमानाला. तो स्पिन चाळायचा, वळवायचा, त्याचा करंट करायचा, अशा कामाला हा थर सोन्यासारखा आहे. साठवायला नाही. सरांना काय हवंय ते नीट विचारून घे, दोन्ही वेगवेगळे प्रबंध आहेत.

आणि हे सगळं करूनही मायक्रोसेकंदांच्या जुन्या भाकिताच्या जवळ कुणी गेलेलं नाही. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या फाबियान यांच्या गटाने २०१४ला गणित मांडलं की दहा लाख कार्बन अणूंमागे एखादा हायड्रोजन चिकटलेला असला तरी शंभर पिकोसेकंदांत निकाल लागू शकतो. दहा लाखांत एक! वाईच्या गणपतीला संकष्टीला केवढी गर्दी असते, तिथे चप्पल चोरायला एक माणूस पुरतो. मला हे गणित पटतं. सगळ्यांना पटत नाही.


खडूफळा, तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६.५०

मंडळी, हिशोब द्यायला आलोय.

जुन्या चिपवर ६ मायक्रॉनला आयुष्य १९० पिकोसेकंद आलं. उडी ०.१६ अपेक्षित होती, ०.२च्या थोडी वर मिळाली. म्हणजे गळती काँटॅक्टलाच. (ती चिप आता हयात नाही. स्वेटर काढून थेट चिपच्या सॉकेटला हात लावला, अंगावरच्या स्थिर विजेने ती जळाली. दोष माझाच.)

मग पडदा दोन दमात टाकला, मधे ऑक्सिजनमध्ये तासभर ठेवलं. एएफएमखाली अजून गाठी दिसतात पण रान नाही, बाग म्हणता येईल. नव्या चिपवर पाच काँटॅक्ट, त्यातले चार ६ ते ११ किलोओहम. शून्य बायसला टेकाड आहे! ३ मायक्रॉन अंतर, चौरस रोध योगायोगाने तेवढाच. उडी ६ ओहम. हॅन्लेतून आयुष्य ३४० पिकोसेकंद, डिफ्यूजन ०.०१८, आणि भारावरून काढलेला ०.०१७५. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले, लाल पेनने. खाली अजून तेच ऑक्साइड आहे, तोच सिलिकॉन, बोरॉन नायट्राइडचा एक कणही नाही. सरांना दाखवलं. ते बराच वेळ वक्र बघत बसले, मग म्हणाले, उलट्या क्रमाचं यंत्र बांधायला घे.

मास्तर, एक अडलंय. पाचवा काँटॅक्ट ४०० किलोओहमचा निघाला. तो डिटेक्टर म्हणून वापरला की क्वाड्रेचरमध्ये बराच सिग्नल येतो, फेज २४-२५ अंश सरकलेली. फिल्टरच्या डब्यात १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आहेत. काँटॅक्ट खराब समजून सोडून देऊ का?


सोल्डरमास्तर, रविवार, रात्री ८.०५

काँटॅक्ट चांगला आहे, डबा आडवा येतोय. ४०० किलोओहम गुणिले १० नॅनोफॅरड म्हणजे ४ मिलीसेकंद. १७.७ हर्ट्झला फेजचा टॅन्जंट ०.४४, म्हणजे २४ अंश. तुझं मोजमाप बरोबर, शाबास.

३ हर्ट्झवर ये, चार-साडेचार अंश उरतील. टाइम कॉन्स्टंट वाढव, एकेका बिंदूला थांबावं लागेल. चुंबक हळू फिरव. पूर्ण वक्राला अर्धा-पाऊण तास धर. आणि स्वेटर घालून लॅबमध्ये जाऊ नकोस, मनगटाला अर्थचा पट्टा बांध. तो तुझ्याच खणात पडलेला असणार.


खडूफळा, रविवार, रात्री ८.२०

होता. पॅकिंगसकट.